बोरघाटाचा ठेका: एका कंत्राटदाराची माघार आणि एका विधवेची सही

१/
यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस गेली कित्येक वर्षे एका ब्रॉडगेज रुळाची वाट पाहत आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा मार्ग २००८-०९ च्या सुमारास मंजूर झाला. त्यातील वर्धा ते कळंब या पहिल्या तुकड्यावर गाडी धावली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड ही पुढची गावे. मंजुरी आणि पहिली गाडी यांच्यामध्ये पंधरा वर्षे लोटली.

२/
बांधकामाच्या ठेकेदारीत वावरणाऱ्या कोणालाही विचारले, तर अडचणींची यादी तोंडपाठ असते. निविदेतला दर आणि प्रत्यक्षातला खर्च जुळत नाही, देयके थकतात, पोटठेकेदार मध्येच पसार होतो, पेरणी आली की मजूर गावी जातात, पावसाने चार महिने खातो. ही यादी आजची वाटते. पण ती महाराष्ट्रातील पहिल्या मोठ्या रेल्वे-ठेक्याइतकीच जुनी आहे. तो ठेका बोरघाटाचा. त्यात एक अनुभवी कंत्राटदार हरला, दुसरा काम सुरू करण्याआधीच मरण पावला, आणि काम पुरे झाले ते तिसऱ्याच व्यक्तीच्या नावावर.

३/
आधी पार्श्वभूमी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी कंपनी १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीने तिच्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी चालो वा न चालो, लंडनच्या भागधारकाला व्याज मिळणारच. या हमीमुळे कंपनीच्या डोक्यावरची जोखीम हलकी झाली. पण जोखीम नाहीशी होत नसते, ती खाली सरकते. इथे ती ठराविक दरांवर काम अंगावर घेणाऱ्या कंत्राटदाराकडे सरकली, आणि त्याच्याकडून आणखी खाली.

४/
कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली १८५० मध्ये मुंबईस आला. मुंबई–ठाणे या पहिल्या तुकड्याचे कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज जोडीस मिळाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गाडी गेली ती याच कंत्राटातून. हेन्री फाउलरची प्रकृती बिघडली आणि तो परतला; विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल मात्र राहिला. म्हणजे घाटाचे काम हाती घेतले तेव्हा तो नवशिका नव्हता. हिंदुस्थानातील पहिली प्रवासी रेल्वे बांधल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

५/
पण ठाण्याची वाट सपाट होती.

६/
घाटाची गोष्ट वेगळी. वऱ्हाडचा कापूस असो वा दख्खनचा, मुंबईच्या धक्क्यावर पोहोचण्यासाठी सह्याद्री ओलांडणे भाग होते. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. दिग्रसचा मुलूखही त्यातच. वऱ्हाडकडे जाणारी वाट थळघाटातून, पुणे-सोलापूरकडे जाणारी बोरघाटातून. यांपैकी बोरघाटाचे काम आधी निघाले. १८५६ मध्ये पायथ्याला खोपोलीपर्यंत गाडी आली, १८५८ मध्ये माथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले. मधला घाट उतारूंनी पालखीत, तट्टावर वा बैलगाडीत बसून पार करावा, अशी व्यवस्था. दोन्हीकडे गाडी आहे आणि मधला दुवा नाही, ही स्थिती कंपनीला किती बोचत असेल याची कल्पना करता येते.

७/
त्या मधल्या दुव्याचे माप असे: लांबी सुमारे पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट, सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांस १ फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल, शिवाय लहान पूल आणि मोऱ्या वेगळ्याच. डोंगर सारा काळ्या पाषाणाचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा. एके ठिकाणी चढ इतका अवघड, की गाडी एका टोकाला आणून इंजिन दुसऱ्या बाजूस लावायचे आणि उलट दिशेने वर न्यायची, अशी रचना बर्कलीला करावी लागली.

८/
हे सारे हातांनी. डायनामाइटचे पेटंट नोबेलने घेतले १८६७ मध्ये. त्याआधी होती फक्त काळी दारू. पहारीने खडकात भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवून पळायचे. लांब बोगद्यात वरून विहिरीसारखी उभी भोके पाडली, तर एकाच वेळी अनेक तोंडांवर काम करता येते. घाटातील बऱ्याच बोगद्यांवर कडा इतका उंच, की ही सोयही नव्हती. काम दोनच तोंडांनी पुढे सरकणार. काही ठिकाणी आखणी करणाऱ्यांनाच दोरखंडाने कड्यावरून खाली सोडावे लागे.

९/
फॅव्हिएलने १८५५ च्या अखेरीस हे कंत्राट घेतले आणि १८५६ च्या आरंभी काम सुरू केले. मुदत पाच वर्षांची. पहिली चूक इथेच झाली असे म्हणता येते, आणि ती एकट्या फॅव्हिएलची नव्हती. ज्या प्रकारचे काम या देशात कोणी केलेलेच नव्हते, त्याचे दर आणि त्याची मुदत ठरवायची कशावरून? ठाण्याच्या मातीकामावरून घाटातील पाषाणाचा अंदाज बांधता येत नाही. बोगद्याच्या तोंडाशी दगड कसा आहे ते दिसते. पन्नास फूट आत तो कसा निघेल ते कोणी सांगावे?

१०/
दुसरी अडचण ऋतूची. खंडाळा-लोणावळ्याकडे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर उघड्यावरचे काम बंद, चालू राहील तर फक्त बोगद्याच्या आतले. म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीतून दरसाल चार महिने आधीच वजा. मजुरांचेही तसेच. देशावरून आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसे मृगाच्या सुमारास आपापल्या शेतांकडे वळत आणि पीक हाती आल्यावर परतत. दर हंगामात टोळ्या नव्याने जमवायच्या, नव्याने उचल द्यायची, नव्याने काम शिकवायचे. कंत्राटाच्या कागदावर पाच वर्षे होती. प्रत्यक्षात होते पाच उन्हाळे आणि पाच हिवाळे.

११/
त्यातही उन्हाळ्याची गत बिकट. पावसाळ्यात कोसळणारे पाणी कड्यांवरून निसटून जाई आणि ऐन हंगामात घाटात पाण्याचे हाल होत. हजारो माणसे झोपड्यांत दाटीने राहत आणि मिळेल ते पाणी पीत. मग पटकीची साथ आली की मेलेल्यांची गणती करण्याआधी जिवंत माणसे पळून जात. एका साथीने तयार झालेली टोळी उधळली, तर महिनोन्‌महिन्यांची जुळवाजुळव पाण्यात जाई.

१२/
आता मूळ दुखणे: पैशाचा प्रवास.

कंपनीचा अभियंता झालेल्या कामाचे मोजमाप करी आणि त्यानुसार कंत्राटदारास पैसे मिळत. कंत्राटदार घाटाचे तुकडे पाडून युरोपीय पोटठेकेदारांना देई. पोटठेकेदार मुकादमांशी बोली करी. मुकादम आपल्या टोळीला मजुरी वाटी. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर थोडा विलंब व थोडी कपात. मोजमापाबद्दल वाद झाला तर वरचा थांबे; वरचा थांबला की खालचा अडे. सर्वांत खाली जो उभा होता त्याच्याजवळ साठवण नव्हती. बाजारातून आज आणलेल्या धान्याचे पैसे त्याला आजच द्यावे लागत.

१३/
आणि धान्य महाग होत होते. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात मुंबई इलाख्यात भाव आणि मजुरी दोन्ही चढत गेली. कंत्राटाचे दर मात्र १८५५ सालचे. दर गोठलेले आणि खर्च वाहता, अशा कात्रीत सापडलेला कंत्राटदार पहिल्यांदा कुठे कापतो, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

१४/
जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल उसळली. मजुरांनी थकलेल्या मजुरीसाठी युरोपीय देखरेखदारांवर चाल केली. सरकारला चौकशी करावी लागली. चौकशीतून पुढे आले ते सरकारला सुखावणारे नव्हते: पोटठेकेदारांनी मजुरी थकवली होती, कबूल केली त्याहून कमी दिली होती, आणि वागणूक अरेरावीची होती. १८५७ च्या आठवणी अजून ताज्या असताना मुंबई-पुण्याच्या मधोमध हजारो माणसे एकवटून उठतात, ही गोष्ट सरकारने किती गांभीर्याने घेतली असेल हे वेगळे सांगायला नको. पण या उठावाच्या मुळाशी धर्म नव्हता, गादी नव्हती. होता तो थकलेला रोज.

१५/
दंगलीनंतर दोन महिन्यांनी, मार्च १८५९ मध्ये, फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्याला केवळ खलनायक ठरवणे सोपे आहे आणि बरेचसे चुकीचेही. मात्र एक दोष त्याच्या पदरी निश्चित घालावा लागतो. काम पोटठेकेदारांना दिल्याने पैशाची जबाबदारीही दिली गेली, असे त्याने मानले. मजुराला पोटठेकेदाराचे नाव ठाऊक असो वा नसो, मजुरी थकली की त्याच्या लेखी थकवणारा एकच असतो: ज्याचे काम आहे तो.

१६/
या प्रकरणाचा माग कायद्यातही दिसतो. १८६० च्या नवव्या अधिनियमाने रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत अशी तरतूद केली. या कायद्यामागे बोरघाटाची दंगल होती. त्याच्या आदल्याच वर्षीचा, १८५९ चा तेरावा अधिनियम मात्र उलट्या तोंडाचा. उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास वा मजुरास त्यात शिक्षा होती. मजुराने शब्द मोडला तर तो गुन्हा, मालकाने मोडला तर तो तंटा. स्वतंत्र भारतात १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने पुढची पायरी गाठली: ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी. घाटातील मजूर १८५९ मध्ये हेच मागत होते, फक्त त्यांच्या मागणीला कलमाचा आकडा नव्हता.

१७/
फॅव्हिएल गेल्यावर काही महिने कंपनीने स्वतःच काम चालवले. तिचे अभियंते घाटात राहून थेट टोळ्यांकडून काम करवून घेत. त्यांत ॲडमसन आणि क्लाउझर ही दोन नावे पुढे महत्त्वाची ठरली. दरम्यान नवा कंत्राटदार ठरला. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्लंडातील रेल्वे-कंत्राटदारांच्या घराण्यातला. तो १८५९ च्या अखेरीस पत्नी ॲलिससह येथे पोहोचला, आणि पोहोचल्यापासून सुमारे पंधरा दिवसांतच मरण पावला.

१८/
आता कंपनीपुढे पेच. अर्धवट पोखरलेला डोंगर, दंगलीची ताजी जखम, एक कंत्राटदार पळालेला, दुसरा पुरलेला. पुन्हा लंडनमध्ये नवा माणूस शोधायचा तर सुएझचा कालवा अजून दहा वर्षे दूर होता. पत्रव्यवहार आणि प्रवास यांत एक सबंध हंगाम गेला असता. अशा वेळी ॲलिस ट्रेडवेलने पतीचे कंत्राट आपल्या नावावर पुढे चालवण्याचे ठरवले.

१९/
येथे एक कायद्याचा बारकावा पाहण्यासारखा आहे. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने करार करण्याची मोकळीक नव्हती. तिचे कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन मानले जाई. ही स्थिती बदलणारे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे आले १८७० आणि १८८२ मध्ये. विधवेला मात्र ही अट लागू नव्हती. म्हणजे सॉलोमन जिवंत असता, तर ॲलिसला हे कंत्राट घेता आले नसते. नवऱ्याच्या मृत्यूने तिच्यावर संकट आणले आणि त्याच क्षणी तिच्या सहीला किंमतही आणली.

२०/
सही तिची, पण ती स्वतः बोगदे आखणारी अभियंता नव्हती, आणि तसा आव तिने आणला नाही. तिने ॲडमसन आणि क्लाउझर यांनाच कामाचे व्यवस्थापक नेमले. हा निर्णय साधा दिसतो. प्रत्यक्षात साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय हाच. मधल्या महिन्यांत घाट चालवला होता तो त्यांनी. कोणत्या बोगद्यात दगड कसा निघतो, कोणता मुकादम शब्दाला पक्का, कुठल्या महिन्यात किती माणूस मिळतो, हे सारे त्यांना माहीत होते. फॅव्हिएलला १८५५ मध्ये दर भरताना जी माहिती हवी होती आणि मिळू शकत नव्हती, ती आता दोन माणसांच्या डोक्यात तयार होती. बाईंनी ती माणसेच घेतली.

२१/
परिणाम आकड्यांत दिसतो. १८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२,००० हून अधिक माणसे कामावर होती. एवढी माणसे त्या पावणेसोळा मैलांत टिकून राहिली, हेच मजुरी बऱ्यापैकी वेळेवर मिळत असल्याचे लक्षण मानायला हरकत नाही. दंगलीची बातमी मजुरांच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचलेली असताना केवळ उचलीच्या आमिषाने इतके लोक येते ना. त्यांत पुरुषांबरोबर बायका होत्या, मुले होती. खडक फोडणारे वेगळे, माती वाहणारे वेगळे, चुना-दगडाचे गवंडी वेगळे. वडारांसारख्या पिढीजात दगडमाती करणाऱ्या जमातींची कुटुंबेच्या कुटुंबे एका कामावरून दुसऱ्या कामावर जात.

२२/
याच काळातील आणखी एक नाव मराठी वाचकाला माहीत असायला हवे: जमशेटजी दोराबजी. या पारशी कंत्राटदाराने जीआयपीची अनेक कामे इंग्रज कंत्राटदारांच्या स्पर्धेत मिळवली आणि अशी पार पाडली, की खुद्द बर्कलीने त्याची जाहीर वाखाणणी केली. मुंबईचा बाजार, मजूर आणि माल यांची त्याला असलेली जाण इंग्लंडहून येणाऱ्याला जहाजात भरून आणता येण्यासारखी नव्हती. हिंदुस्थानी माणसाला एवढी मोठी कामे झेपतील का, ही शंका मुंबईत तरी त्याने लवकरच निकालात काढली.

२३/
२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरने बोरघाटाच्या मार्गाचे उद्घाटन केले. खर्च सुमारे ११ लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने एक कोटी दहा लाखांच्या आसपास रुपये. मूळ मुदतीपेक्षा दोन वर्षे उशीर झाला होता. बर्कली मात्र हा दिवस पाहू शकला नाही. प्रकृती ढासळल्याने तो इंग्लंडला परतला होता आणि १८६२ मध्येच वारला.

२४/
गोष्ट इथे थांबवली तर ती फारच गोड होईल. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील म्हाऊ की माली येथील दगडी कमानींचा पूल कोसळला. बांधून पुरी पाच वर्षेही झाली नव्हती. जीआयपीच्या इतर दगडी कामांचीही तपासणी झाली आणि ठिकठिकाणी एकच रोग आढळला: दर्शनी बाजूस घडीव दगड, आत कसाबसा भरलेला खडीचा भराव आणि कमअस्सल चुना. बाहेरून पाहणाऱ्या निरीक्षकाला चिरे दिसतात, चुना दिसत नाही. मुदतीची घाई, गोठलेले दर आणि वरवरचे मोजमाप हे तिन्ही एकत्र आले, की बचत नेहमी भिंतीच्या पोटात होते. ही बांधकामे पुढे मोठ्या खर्चाने दुरुस्त करावी लागली. व्याजाची हमी होतीच. तो भार शेवटी हिंदुस्थानच्या महसुलावर पडला.

२५/
घाटात मेलेल्या मजुरांची पक्की गणती कोणी ठेवली नाही. पुढे जे आकडे सांगितले गेले ते हजारोंच्या घरात आहेत. पुलांची, बोगद्यांची, घनफुटांची नोंद मात्र तपशीलवार आहे. कारण त्यावर देयक निघत असे.

२६/
आणि फॅव्हिएल? माघार घेतलेला हा कंत्राटदार १८६३ मध्ये, म्हणजे बोरघाट खुला झाला त्याच वर्षी, सिलोन सरकारच्या रेल्वेचे कंत्राट घेऊन उभा राहिला. कोलंबोहून कँडीपर्यंत, पुन्हा एकदा पायथ्यापासून डोंगरात चढणारी वाट, पुन्हा पाऊस, पुन्हा रोगराई. ती त्याने पुरी केली. १८६७ मध्ये कँडीस गाडी पोहोचली. त्याच साली इकडे म्हाऊ की मालीचा पूल पडला, आणि त्याच साली थळघाटाच्या वाटेने वऱ्हाड ओलांडून गाडी नागपूरला आली. दिग्रसच्या उत्तरेला, दारव्ह्यापर्यंत, रूळ यायला त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक लागले. तो रूळ नॅरोगेजचा होता, आणि घातला होता किलिक निक्सनच्या खासगी कंपनीने.